प्रवासाचं क्रेडिट कार्ड निवडताना: पॉइंट कुठे वापरणार ते आधी ठरवा

मॉलमध्ये टेबल लावून बसलेला मुलगा पहिला प्रश्न विचारतो, "सर, वर्षातून किती वेळा फिरता?" उत्तर येण्याआधीच तो विमानतळावरचं लाउंज, माईल्स (प्रवासाचे पॉइंट) आणि वेलकम व्हाउचरवर पोचलेला असतो. प्रश्न मात्र त्याने अगदी योग्य विचारलेला असतो. त्याचं खरं उत्तर कागदावर मांडलं तर निम्मी कार्डं तिथल्या तिथे बाद होतात.

बहुतेक लोक कार्ड उलट्या टोकाने निवडतात. शंभर रुपयांना किती पॉइंट मिळतात ते बघतात आणि ते पॉइंट शेवटी कशाला कामी येणार हा प्रश्न दोन वर्षांनी, मुदत संपत आल्याचा एसएमएस आल्यावर पडतो. मग मिक्सर नाहीतर कुठल्या तरी दुकानाचं व्हाउचर घेऊन विषय संपतो. म्हणून इथे सुरुवात शेवटापासून करू. त्याआधी एक अट मात्र तपासून घ्यायला हवी.

बिल पूर्ण भरता का?

पूर्ण म्हणजे 'एकूण देय रक्कम', शेवटच्या तारखेच्या आत, दर महिन्याला. 'किमान देय रक्कम' भरून महिना पुढे ढकलायची सवय असेल तर प्रवासाचं कार्ड घेऊ नका. क्रेडिट कार्डाचं व्याज बहुतेक बँकांत महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाचे ४२ टक्के, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. चाळीस हजारांची थकबाकी एक महिना राहिली तर १,४०० रुपये व्याज आणि २५२ रुपये जीएसटी, मिळून १,६५२. त्याच चाळीस हजारांवर चांगल्या कार्डाने दोन टक्के दिले तरी हातात ८०० येतात. शिवाय मागचं बिल अर्धवट राहिलं की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या भाजीवर आजपासून व्याज.

बिनव्याजी मुदतीचा हिशेब एकदा समजून घेतला की मोठं तिकीट कधी काढायचं ते कळतं. समजा स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख २५ आहे. ६ जूनला काढलेलं तिकीट ५ जुलैच्या बिलात येतं आणि पैसे २५ जुलैपर्यंत भरायचे असतात, म्हणजे ४९ दिवस मिळाले. तेच तिकीट ४ जूनला काढलं असतं तर २५ जूनलाच पैसे, फक्त २१ दिवस. स्टेटमेंटची तारीख पगाराच्या तारखेशी जुळत नसेल तर बँकेला सांगून ती बदलून घेता येते. किमान एकदा ही मुभा देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेला बंधनकारक आहे.

खर्चाची यादी

गेल्या बारा महिन्यांची बँक आणि कार्ड स्टेटमेंटं काढा आणि खर्चाचे ढीग पाडा. अंदाजाने आकडे टाकू नका, अंदाज नेहमी फुगतो. पुण्या-ठाण्यातल्या चौकोनी कुटुंबाचा, कार्डाने भरता येण्यासारखा वर्षाचा खर्च सहा लाख धरू: किराणा १,२०,०००, पेट्रोल ४८,०००, शाळेची फी ९०,०००, वीज-मोबाइल-गॅस ३६,०००, विम्याचे हप्ते ६०,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ३६,०००, विमान आणि हॉटेल १,१०,०००, ऑनलाइन खरेदी आणि बाहेरचं खाणं १,००,०००.

सहा लाखांवर पॉइंट मिळतील असं वाटतं, पण तसं होत नाही. पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, फक्त एक टक्का सरचार्ज माफ करतात, तोही ठरावीक रकमेच्या बिलांवर. घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा, ईएमआयवर केलेली खरेदी यांवर सहसा शून्य. भाडं आणि ॲपमधून भरलेली शाळेची फी यांवर कित्येक बँका उलट एक टक्का शुल्क लावतात. विमा आणि वीजबिलावर पॉइंट मिळाले तरी महिन्याची कमाल मर्यादा असते. मेंटेनन्सचं काय होईल ते सोसायटी कोणत्या ॲपमधून पैसे घेते यावर अवलंबून. सावध हिशेबात आपल्या कुटुंबाच्या सहा लाखांपैकी किराणा, प्रवास आणि ऑनलाइन खरेदी मिळून ३,३०,००० रुपयेच पॉइंटांच्या कामाचे उरतात. कार्डाची तुलना करायची ती याच आकड्यावर.

कोणता खर्च कुठल्या ढिगात जातो हे दुकानाच्या पाटीवर ठरत नाही, ते ठरतं व्यापाऱ्याला दिलेल्या चार आकडी एमसीसी कोडवर. विमान कंपनी स्वतः ४५११, ट्रॅव्हल एजन्सी ४७२२, हॉटेल ७०११, किराणा ५४११. 'विमान तिकिटांवर पाचपट पॉइंट' असं लिहिलेल्या कार्डाच्या अटींत बऱ्याचदा 'थेट विमान कंपनीकडून' ही ओळ असते. मग बुकिंगच्या ॲपवरून काढलेलं तेच तिकीट ४७२२ मध्ये जातं आणि पाचपटीऐवजी साधे पॉइंट मिळतात. तसंच हॉटेलातल्या उपाहारगृहाचं बिल कधी हॉटेल म्हणून लागतं, कधी रेस्टॉरंट म्हणून. पॉइंट कमी आले तर कस्टमर केअरला विचारायचा पहिला प्रश्न हाच: हा व्यवहार कोणत्या एमसीसीखाली नोंदला गेला?

टप्प्यांचीही एक गंमत आहे. 'दर १५० रुपयांना ४ पॉइंट' म्हणजे १४९ रुपयांच्या बिलावर शून्य आणि २९० रुपयांच्या बिलावरही चारच, कारण दुसरा दीडशेचा टप्पा पुरा झाला नाही. दूध, रिक्षा, वडापाव असे किरकोळ खर्च कार्डावर टाकणाऱ्यांचे पॉइंट असे गळतात.

एका पॉइंटची किंमत किती?

पॉइंटांची संख्या बघून काही कळत नाही. दर शंभराला ५ पॉइंट आणि पॉइंटला २० पैसे, म्हणजे परतावा एक टक्का. दर दीडशेला ४ पॉइंट आणि पॉइंटला ५० पैसे, म्हणजे १.३३ टक्के. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा आहे, पण फायदा चारवाल्याचा. प्रत्येक कार्डाचं हे रूपांतर टक्क्यांत करून घ्या, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि अडचण इथेच सुरू होते, कारण एकाच पॉइंटच्या तीन-चार किमती असतात. वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये सर्वांत कमी. स्टेटमेंटमधून वजा करून घेतला तर जवळपास तेवढीच. बँकेच्या स्वतःच्या प्रवास पोर्टलवर त्याहून बरी. विमान कंपनीच्या किंवा हॉटेल साखळीच्या खात्यात वळवला तर कधी सर्वांत चांगली, कधी सर्वांत वाईट.

आपल्या कुटुंबावर दोन काल्पनिक कार्डं लावून बघू. बाजारात असलेल्या कार्डांसारखीच ती आहेत.

पहिलं प्रवासाचं. वार्षिक फी ५,०००, जीएसटीसह ५,९००. साध्या खर्चावर शंभराला २ माईल, विमान आणि हॉटेलवर ५. किराणा व ऑनलाइन मिळून २,२०,००० वर ४,४०० माईल आणि प्रवासाच्या १,१०,००० वर ५,५००. एकूण ९,९००. बँकेच्या पोर्टलवर माईलला एक रुपया मिळतो, म्हणजे ९,९०० रुपये. फी वजा जाता हातात ४,०००.

दुसरं साधं कॅशबॅकचं, विमानाचं चित्रसुद्धा नसलेलं. ऑनलाइन खर्चावर ५ टक्के, बाकीच्यावर १ टक्का, ऑनलाइन कॅशबॅकची कमाल मर्यादा महिन्याला २,००० रुपये, आणि दोन लाखांच्या वर खर्च झाला की फी माफ. प्रवासाची तिकिटं दोन महिन्यांत निघतात, त्या दोन्ही महिन्यांत मर्यादा गाठली जाते, म्हणजे ४,०००. उरलेल्या दहा महिन्यांत ऑनलाइन खरेदीवर साधारण ४,१६५. किराणा दुकानातला धरला तर १,२००. बेरीज ९,३०० च्या पुढे, फी शून्य.

म्हणजे पोर्टलवरच पॉइंट वापरणाऱ्या कुटुंबाला कॅशबॅक कार्ड दुपटीहून जास्त देतं. प्रवासाचं कार्ड विकणारा कोणी हे सांगत नाही.

आता पहिल्या कार्डाला दुसरी वाट देऊ. समजा त्या बँकेचा एक माईल एखाद्या भागीदार विमान कंपनीचे किंवा हॉटेलचे दोन पॉइंट होतो. मग ९,९०० चे १९,८०० झाले. विमान कंपनीचा पॉइंट ६० पैशांना वापरला गेला तर ११,८८० रुपये, फी वजा जाऊन ५,९८०. अजूनही कॅशबॅक पुढेच. पण तोच पॉइंट एक रुपयाला वापरता आला तर १९,८०० वजा ५,९००, म्हणजे १३,९००. कार्ड तेच, खर्च तोच, पण हातात येणारी रक्कम चार हजारांपासून चौदा हजारांपर्यंत कुठेही. पॉइंट बाहेर कसे काढायचे हे ज्याला माहीत आहे आणि तेवढा वेळ द्यायची ज्याची तयारी आहे, त्यानेच प्रवासाचं कार्ड घ्यावं. बाकीच्यांनी कॅशबॅक घ्यावा आणि त्या पैशांनी तिकीट काढावं. त्यात कमीपणा काही नाही.

पॉइंट वळवण्याआधी

तुम्हाला जायचं आहे तो मार्ग आणि तारीख घेऊन हिशेब करा. रोख तिकिटाच्या किमतीतून पॉइंटच्या तिकिटावर भरावे लागणारे कर आणि शुल्क वजा करा, उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागा. समजा मुंबई-दिल्ली तिकीट रोखीने ६,८०० ला आहे आणि पॉइंटांनी ७,००० पॉइंट अधिक १,१०० रुपये. ५,७०० भागिले ७,०००, म्हणजे पॉइंटला ८१ पैसे. दिवाळीच्या आठवड्यात रोख भाडं चढलेलं असताना हाच आकडा वर जातो, पण तेव्हा पॉइंटच्या जागा शिल्लक नसतात. म्हणून शाळेच्या सुट्टीतच फिरणाऱ्या कुटुंबाने विमान माईलांची कल्पनेतली किंमत धरू नये.

जागा आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पॉइंट वळवू नका. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. कुठे ते काही मिनिटांत पोचतात, कुठे चार-पाच दिवस लागतात, तोवर जागा गेलेली असते. विमान कंपनीच्या खात्यावरचं नाव कार्डावरच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत इथे हमखास नडते: कार्डावर तीन नावं, खात्यात दोन, आणि व्यवहार अडकतो. खातं उघडतानाच पासपोर्टप्रमाणे नाव लिहा. वळवण्याचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी, वर्षभरात किती पॉइंट वळवता येतात याची मर्यादा, आणि वळवल्यावरची मुदत या तीन गोष्टी अटींत शोधा. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माईल, उदाहरणार्थ, मिळाल्यापासून तीन वर्षांनी संपतात.

हॉटेलचे पॉइंट कुटुंबाच्या प्रवासाला कधी कधी जास्त सोयीचे पडतात. ॲकॉर साखळीत २,००० पॉइंटांचे ४० युरो, हा दर ठरलेला आहे, त्यामुळे जागेची शोधाशोध करावी लागत नाही. मॅरियटमध्ये पॉइंटांची गरज तारखेप्रमाणे बदलते, पण सलग पाच रात्री पॉइंटांवर राहिलात तर एका रात्रीचे पॉइंट लागत नाहीत. गोव्यात दोन रात्री राहणाऱ्याला याचा उपयोग नाही, बालीत आठवडाभर राहणाऱ्याला आहे.

बँकेच्या पोर्टलवरच बुकिंग करायचं असेल तर तीच तारीख, तीच फ्लाइट विमान कंपनीच्या साइटवर दुसऱ्या खिडकीत उघडा. पोर्टलवर भाडं चार-पाचशेने जास्त असणं नवीन नाही, आणि पॉइंटची मिळालेली किंमत तिथेच वाया जाते. पूर्ण तिकीट पॉइंटांवर मिळेलच असंही नाही. काही कार्डांवर ७० टक्के रक्कमच पॉइंटांनी भरता येते, बाकी कार्डाने. आणि पोर्टलवरचं तिकीट हे एजंटाकडून काढलेलं तिकीट असतं. फ्लाइट रद्द झाली तर विमान कंपनीचा काउंटर तुम्हाला एजंटाकडे पाठवतो.

विमान कंपनीच्या नावाचं कार्ड

एकाच विमान कंपनीने वर्षभर फिरणाऱ्याला को-ब्रँड कार्ड बरं पडतं. पण कंपनीच्या नशिबाला कार्डाचं नशीब बांधलेलं असतं. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची उड्डाणं थांबली आणि जेटच्या कार्डांवर साठवलेल्या माईलांतून जेटची फुकट तिकिटं निघणं संपलं. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराच्या क्लब विस्तारा योजनेतले पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब योजनेत एकास एक गेले, नुकसान झालं नाही, पण ज्या फुकट तिकिटांच्या व्हाउचरांसाठी लोकांनी विस्ताराची कार्डं घेतली होती ती सोय पुढे उरली नाही. म्हणून को-ब्रँड कार्डावर पॉइंट साठवत बसू नका, आले की वापरा. बँकेच्या स्वतःच्या पॉइंटांचा फायदा हा की चार-पाच वाटा उघड्या असतात.

साठवण कुठेच शहाणपणाची नाही. बँक एखाद्या महिन्यात वळवण्याचा दर अर्ध्यावर आणू शकते. शुल्क बदलताना किमान एक महिना आधी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. तेवढ्या काळात पॉइंट बाहेर काढता येतील इतपतच साठा ठेवावा.

रेल्वेने फिरणाऱ्यांसाठी

प्रवास म्हणजे विमानच असं कार्डवाल्यांना वाटतं. वर्षाला सहा-आठ वेळा वंदे भारत, तेजस किंवा रात्रीच्या एसी गाडीने जाणाऱ्या घराला आयआरसीटीसीच्या नावाचं कार्ड सरळ हिशेबात परवडतं. एसबीआय कार्डाच्या आयआरसीटीसी कार्डावर एसी पहिला, दुसरा, तिसरा वर्ग आणि चेअर कार यांच्या तिकिटांवर आयआरसीटीसीच्या साइटवरून बुकिंग केल्यास १० टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात, आणि पॉइंट पुन्हा तिकिटालाच वापरायचे. स्लीपरवर हा दर नाही. फी काही शेकड्यांत, त्यामुळे पाच-सहा हजारांच्या एसी तिकिटांत ती वसूल होते. कार्ड मिळाल्यावर आयआरसीटीसीचं खातं कार्डाशी जोडणं विसरू नका, नाहीतर पॉइंट नुसते दिसत राहतात, वापरता येत नाहीत. गणपतीला कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट मिळवून देणारं कार्ड मात्र अजून निघालेलं नाही.

लाउंज

या एका शब्दावर जेवढी कार्डं विकली जातात तेवढी कशावरच नाही. लाउंजमध्ये माणूस इडली, पोहे, कॉफी घेतो, तासभर बसतो. बाहेर त्याने चहा-सँडविचवर जेवढे खर्च केले असते तेवढीच त्या भेटीची किंमत धरा, म्हणजे तीन-चारशे रुपये. ब्रोशरमध्ये लिहिलेले दोन हजार धरू नका, ते तुम्ही कधीच दिले नसते.

तपासायचं ते असं. २०२३ पासून बऱ्याच बँकांनी लाउंजला खर्चाची अट जोडली आहे: मागच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केले असतील तरच या तिमाहीत प्रवेश. जूनमध्ये खर्च थंड असला तर सप्टेंबरमध्ये दारात नकार मिळतो. काही कार्डांना निघण्याआधी ॲपमधून व्हाउचर काढावं लागतं, काहींना दारात २ रुपये किंवा २५ रुपये स्वाइप होतात. पत्नीच्या किंवा आईच्या ॲड-ऑन कार्डाला (तुमच्याच खात्यावर काढलेल्या जोडकार्डाला) स्वतंत्र भेटी आहेत, की मुख्य कार्डाच्याच भेटींतून वजा होतात? मुलांचं काय? चौघांच्या कुटुंबात एकट्याने आत जाऊन बसता येत नाही. तुमच्या नेहमीच्या विमानतळावर, नेमक्या टर्मिनलमध्ये, कार्डाचं लाउंज आहे का? मुंबईच्या टर्मिनल २ चं लाउंज टर्मिनल १ वरून उडणाऱ्याच्या कामाचं नाही, आणि गोव्यात दाबोळी आणि मोपा ही दोन वेगळी विमानतळं आहेत. प्रायॉरिटी पास, म्हणजे काही कार्डांसोबत मिळणारं लाउंजांचं सदस्यत्व, परदेशासाठी असतो. बऱ्याच कार्डांवर तो देशांतर्गत लाउंजमध्ये दाखवला की डॉलरमधलं शुल्क बिलात येतं. देशात कार्ड दाखवा, पास खिशात ठेवा.

परदेशी जाणार असाल तर

इथे पॉइंटांपेक्षा मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते ते शुल्क, मोठा आहे. साध्या कार्डावर परकीय चलनाच्या व्यवहाराला ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के लागतात. थायलंड-सिंगापूरच्या सहलीत दीड लाख खर्च झाले तर ६,१९५ रुपये फक्त मार्कअप. दोन टक्के परतावा धरला तरी ३,००० मिळतात, म्हणजे तीन हजारांहून जास्त तोटाच. २ टक्के मार्कअपवालं कार्ड जीएसटीसह २.३६ ला पडतं. शून्य मार्कअपची कार्डंही भारतात मिळतात: फेडरल बँकेचं स्कापिया, आयडीएफसी फर्स्टचं मुदत ठेवीवर मिळणारं वॉव, आरबीएलचं वर्ल्ड सफारी ही त्यांतली काही. अटी बदलत राहतात, अर्जाच्या दिवशी बँकेच्या साइटवर बघून घ्या. वर्षाआड परदेशी जाणाऱ्याने मुख्य कार्ड काहीही असो, असं एक कार्ड सोबत ठेवावं.

दुबईच्या दुकानात मशीनवर प्रश्न येतो: रुपयांत की दिरहममध्ये? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून लोक रुपये दाबतात. तिथे दर दुकानाच्या बँकेचा लागतो, तो महाग असतो, आणि कित्येक भारतीय बँका अशा रुपयातल्या परदेशी व्यवहारावर वेगळं शुल्क लावतात. शून्य मार्कअपचं कार्ड असूनही पैसे जातात ते इथे. नेहमी तिथलं स्थानिक चलन निवडा. सेल्समनने स्वतःच रुपये दाबले असतील तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा.

नवं कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं. परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं हे तिन्ही ॲपमध्ये स्वतः सुरू करावं लागतं, मर्यादा घालावी लागते. हे घरून निघण्याआधी करा, तिकडे ओटीपी येईलच याची खात्री नसते. एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका: शुल्क वेगळं, व्याज पहिल्या दिवसापासून, पॉइंट शून्य. आणि रुपे कार्ड देशात यूपीआयला जोडून किराणा दुकानाच्या क्यूआरवर वापरायला उत्तम, पण परदेशात व्हिसा किंवा मास्टरकार्ड हाताशी हवं. १० लाखांहून जास्त कार्डं चालू असलेल्या बँकांना ६ सप्टेंबर २०२४ पासून नवं कार्ड देताना नेटवर्क निवडायची मुभा द्यावी लागते, ती मागून घ्या.

टूर कंपनीबरोबर ग्रुपने जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी विचारावं की कार्डाला जादा किती. दोन टक्के जास्त लावत असतील तर पॉइंटांचा फायदा तिथेच जिरला, एनईएफटी करा.

अर्ज

क्रेडिट स्कोअर ७५० च्या आसपास किंवा वर हवा. एका आठवड्यात चार बँकांकडे अर्ज टाकलेत तर चारही चौकशा अहवालात दिसतात आणि चौथी बँक तेवढ्यावरून नाही म्हणते. एक अर्ज करा, नकार आला तर काही महिने थांबा. पगार स्लिप नसलेल्या निवृत्तांना, गृहिणींना किंवा पहिल्यांदाच कार्ड घेणाऱ्यांना मुदत ठेवीवरचं कार्ड सोपं पडतं, ठेवीवर व्याजही चालू राहतं.

वेळ साधा. वेलकम पॉइंट बहुधा फी भरल्यावर आणि पहिल्या ३० ते ९० दिवसांत ठरावीक खर्च केल्यावर येतात. म्हणून मोठा खर्च, म्हणजे सुट्टीची तिकिटं किंवा फ्रिज, दोन-तीन महिन्यांवर असताना अर्ज करा. एजंट तोंडी काहीही सांगतो. 'पहिल्या वर्षी फी नाही', 'आयुष्यभर फ्री' हे त्याला ईमेलवर लिहायला सांगा आणि अर्जासोबतचं एक पानी माहितीपत्रक वाचा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ते देणं बंधनकारक आहे. त्यात व्याज, फी, उशिराचा दंड सगळं एका ठिकाणी असतं. फी माफीच्या खर्चाच्या अटीत भाडं आणि पेट्रोल धरतात का, तेही विचारा. चार लाखांची अट दिसताना आवाक्यातली दिसते, पण आपल्या सहा लाखवाल्या कुटुंबाचे पात्र खर्च ३,३०,००० च होते. सत्तर हजारांसाठी नको ते विकत घेण्यापेक्षा फी भरून टाकणं स्वस्त.

कार्ड आल्यावर तीन गोष्टी लगेच करा: पूर्ण रकमेचा ऑटो-डेबिट लावा, पॉइंटांच्या मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, आणि नूतनीकरणाच्या एक महिना आधीची आठवण लावा. त्या महिन्यात वर्षभरात किती पॉइंट वापरले (मिळाले नव्हे, वापरले) ते रुपयांत मांडा. फीपेक्षा कमी निघाले तर आधी बँकेला फोन करून फी माफ करा म्हणून मागणी करा, खर्च चांगला असेल तर बऱ्याचदा होते. नाही म्हणाले तर शिल्लक पॉइंट वळवा, बिल शून्यावर आणा आणि कार्ड बंद करायचा अर्ज लेखी पाठवा. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर अर्ज करता येतो, त्याला फी नाही. बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा आणि दोन महिन्यांनी क्रेडिट अहवालात ते खातं 'बंद' दिसतंय ना, ते बघा.